फळ्यावरचं झाड: होमब्र्यूच्या निर्मात्याला गूगलने दिलेल्या नकाराचा अभ्यास

गूगलने मुलाखतीनंतर नाकारल्यावर १० जून २०१५ रोजी मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रामरने ट्विटरवर राग काढला. गूगलच्या तोंडी घातलेला आशय असा: आमचे नव्वद टक्के इंजिनिअर तू लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात, पण तुला फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी) उलटं करता येत नाही, तेव्हा चालता हो. ('चालता हो'च्या जागी मुळात शिवी आहे.) नव्वद टक्के हा आकडा त्याचाच, कुणी मोजून दिलेला नाही. पण ते सॉफ्टवेअर होतं मॅकवर प्रोग्रामरची अवजारं बसवून देणारं होमब्र्यू, आणि मॅकवर कोड लिहिणारा माणूस ते नाव ओळखत नाही असं क्वचितच होतं. त्यामुळे ट्विट वणव्यासारखं पसरलं.

तेव्हापासून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींवर वाद निघाला की हे ट्विट पुराव्यादाखल पुढे केलं जातं. 'बघा, एवढा मोठा माणूस आणि यांनी त्याला काय विचारलं!' एवढ्यावर बहुतेकांची चर्चा संपते. मला हे प्रकरण त्यापेक्षा अवघड वाटतं. यात गूगलची बाजू वाटते तितकी लंगडी नाही, आणि हॉवेलची बाजू तो स्वतः ट्विटमध्ये मांडतो त्यापेक्षा भक्कम आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी.

होमब्र्यूमध्ये होतं काय

मॅकच्या पोटात युनिक्स आहे, पण प्रोग्रामरला रोज लागणारी कितीतरी अवजारं त्यात नसतात. ती बाहेरून आणायची, तर आधी त्यांना लागणाऱ्या लायब्ररी आणायच्या, त्या लायब्ररींना लागणाऱ्या आणखी लायब्ररी आणायच्या, आणि मध्येच कुठेतरी कंपाइल (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रामात रूपांतर) अडलं की संध्याकाळ गेली. हा त्रास वाचवायला मॅकपोर्ट्स आणि फिंक हे दोन पॅकेज मॅनेजर, म्हणजे अशी सॉफ्टवेअरं आणून बसवून देणारे प्रोग्राम, आधीपासून होते. म्हणजे हॉवेलने २००९ मध्ये होमब्र्यू सुरू केलं तेव्हा कल्पना नवी नव्हती. लंडनच्या लास्ट एफएम या संगीतसेवेत डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर काम केलेल्या या माणसाने नवं काय केलं, तर वापरणाऱ्याची चीडचीड कमी केली.

मॅकमध्ये जे आधीच आहे ते पुन्हा आणायचं नाही. ॲडमिनचा पासवर्ड मागायचा नाही. प्रत्येक पॅकेज 'सेलर' नावाच्या फोल्डरमध्ये आपापल्या खोलीत ठेवायचं आणि नेहमीच्या जागी फक्त त्याची लिंक द्यायची, म्हणजे नको झालं की फोल्डर उडवलं, काम संपलं. पॅकेज कसं बसवायचं याची कृती रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या फाइलमध्ये, तिचं नाव 'फॉर्म्युला'. या सगळ्या फाइली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर उघड्या. कुणालाही एखादं पॅकेज हवं असेल तर त्याने दुसरा फॉर्म्युला बघून आपला लिहावा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल सामील करा' अशी विनंती, पाठवावी. हा शेवटचा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पॅकेज मॅनेजरचं खरं दुखणं तंत्रापेक्षा देखभालीचं असतं. हजारो पॅकेजेस ताजी ठेवणार कोण? हॉवेलने ते काम वापरणाऱ्यांवरच सोपवलं आणि ते त्यांना आवडेल इतकं सोपं करून ठेवलं. हजारो लोकांनी हातभार लावला. २०१५ पर्यंत तर रोजची देखभाल हॉवेलकडे राहिलीही नव्हती, दुसरेच लोक ती करत होते, आणि प्रकल्प जोमात होता. आपण बाजूला झाल्यावरही चालत राहील असं काही उभं करणं हे कुठल्याही सीनिअर इंजिनिअरच्या कामाचं मर्म आहे.

प्रश्न तसा सोपाच

बायनरी ट्री उलटं करणं म्हणजे आरशात बघणं. झाडाच्या प्रत्येक नोडला, म्हणजे सांध्याला, जास्तीत जास्त दोन फांद्या, डावी आणि उजवी. त्यांची अदलाबदल करायची, मग दोन्ही फांद्यांवर हेच पुन्हा करायचं, नोड रिकामा असेल तर परत फिरायचं. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) माहीत असेल तर कोड चार-पाच ओळींचा. ट्विट आलं तेव्हा 'उलटं' म्हणजे नेमकं काय अपेक्षित होतं यावरही लोक भांडले, कारण तोवर हा काही पाठ्यपुस्तकातला ठरलेला प्रश्न नव्हता. हॉवेलने पुढे क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर लिहिताना ट्विट अन्यायाचं होतं असं मान्य केलं आणि त्यातून जो संताप पसरला त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

त्या उत्तरातला दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याने लिहिलं की होमब्र्यूमध्ये तांत्रिकदृष्ट्या थक्क व्हावं असं काही नाही, पॅकेज मॅनेजर कुणीही लिहू शकतो, आपला तर डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) नीट सांभाळत नाही, कडेची प्रकरणं हाताळत नाही, त्याच्या टेस्टही धड नाहीत. आपल्या कॉम्प्युटर सायन्सवर शंका घेण्यात गूगलचं चुकलं नाही. आणि एवढं कबूल करूनही, गूगलने मला घ्यायला हवं होतं का? होय, नक्की; कारण मी लोकांना आवडतील अशा वस्तू बनवतो.

या दोन विधानांमध्ये विसंगती नाही. मुलाखतीच्या खोलीत त्यातलं एक मोजलं गेलं, दुसरं मोजण्याची सोय तिथे नव्हती.

सोय का नव्हती

गूगलची त्या काळातली पद्धत बऱ्यापैकी उघड आहे. आधी फोनवर एक-दोन फेऱ्या, मग कंपनीत बोलावून साधारण पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच मुलाखती. प्रत्येक मुलाखतकार लेखी अभिप्राय देतो, एक ते चारच्या पट्टीवर गुण देतो. निर्णय मात्र तो घेत नाही. तो घेते हायरिंग कमिटी, आणि तिच्यातल्या कुणीही उमेदवाराला पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे असतो फक्त कागदांचा गठ्ठा. शिवाय इंजिनिअरला सहसा एखाद्या ठरावीक टीमसाठी घेत नाहीत; आधी 'गूगलचा इंजिनिअर' म्हणून घ्यायचं, टीम मागाहून.

यातली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक केलेली आहे. मॅनेजरला घाई असते, तो जागा भरायला कुणालाही घेईल, म्हणून निर्णय त्याच्या हातून काढला. ओळखदेख, हसरा चेहरा, एकाच कॉलेजचं असणं यांचा प्रभाव पडू नये म्हणून कमिटीला कागद दिले. सगळ्यांना एकाच मापाने मोजता यावं म्हणून प्रश्न एका साच्याचे. ठरावीक प्रश्न आणि ठरावीक निकष असलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा बरी, हे संशोधनही सांगतं. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला. त्यात साचेबद्ध मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) ०.५१ निघाला, मोकळ्या मुलाखतीचा ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच गणित दुरुस्त केलं, आकडे खाली आले, पण साचेबद्ध मुलाखत ०.४२ घेऊन यादीत पहिलीच राहिली. 'मुलाखती बंद करा, थेट काम करून घ्या' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की कामाचा नमुना करून घेण्याची चाचणी १९९८ च्या ०.५४ वरून २०२२ मध्ये ०.३३ वर घसरली.

तेव्हा पद्धत मूर्ख नाही. ती ज्या माणसासाठी बनवली आहे तो माणूस हॉवेल नाही, इतकंच. कमिटीला अनोळखी, बावीस वर्षांचा, दाखवण्यासारखं काम हाताशी नसलेला मुलगा डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. त्याच्या डोक्यात काय आहे हे कळायला फळा लागतो. ज्याचं काम सहा वर्षं जगापुढे खुलं आहे, ज्याची प्रत्येक कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) कुणीही वाचू शकतो, त्यालाही तोच फळा. गठ्ठ्यात 'होमब्र्यूचा निर्माता' ही ओळ बायोडेटावर असणारच, पण ज्या कागदावर गुण पडतात त्या कागदावर ती येत नाही.

गूगललाही याची जाणीव अगदीच नव्हती असं नाही. २०१३ मध्ये तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की डोकं खाजवायला लावणारी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यातून मुलाखत घेणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटण्यापलीकडे काही साधत नाही. हजारो मुलाखतींचे गुण आणि त्या माणसांची पुढची कामगिरी ताडून पाहिली तर मेळच बसला नाही, असंही ते म्हणाले. कोडी गेली. झाडं राहिली.

गूगलचे तेव्हाचे संशोधन संचालक पीटर नॉर्विग यांनी २००९ मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट तर या प्रकरणाला नेमकी लागू पडते. गूगलमध्ये घेतल्या गेलेल्या लोकांची पुढची वाटचाल पाहिली, तर यशाची एक चांगली खूण निघाली ती अशी: त्यांना एखाद्या मुलाखतीत सगळ्यात खालचा गुण, म्हणजे एक, मिळालेला होता. उघड आहे, 'एक' मिळालेले जवळपास सगळे बाहेरच जातात. तरीही जो आत येतो, त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी हटून बसलेलं असतं, 'याला सोडू नका' म्हणून भांडलेलं असतं. म्हणजे आकड्यांच्या या यंत्राला सगळ्यात चांगली माणसं कधी सापडतात, तर कुणीतरी यंत्राचं ऐकायला नकार देतो तेव्हा. हॉवेलच्या वेळी असं भांडायला कुणी नव्हतं, किंवा त्याचं भांडण पुरलं नाही.

गाळणीचा हिशोब

कंपन्या म्हणतात, चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा चांगला माणूस हुकलेला परवडला. हे कानाला कठोर वाटतं, पण गणित करून बघा.

समजा १,००० अर्जदार आहेत आणि त्यातले १०० खरोखर कामाचे. कडक चाचणी कामाच्या लोकांतले निम्मे पास करते आणि बाकीच्यांतले फक्त २ टक्के. आत आले ५० अधिक १८, म्हणजे ६८. त्यातले चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त चुकीचे. आता चाचणी सैल करा: कामाचे ८० टक्के पास, बाकीचे १० टक्के पास. आत आले ८० अधिक ९०. निम्म्याहून जास्त भरती चुकीची! अर्जदारांत कामाची माणसं थोडी असली की थोडीशी ढिलाईसुद्धा अशी महाग पडते. गूगलला वर्षाला दहा लाखांच्या वर अर्ज येतात आणि जागा काही हजार. तिथे कडक गाळणी हा आढ्यतेपेक्षा नाइलाजाचा भाग जास्त आहे.

या हिशोबात कडक चाचणीने परत पाठवलेली ५० कामाची माणसंही आहेत, आणि ती कंपनीला कधीच दिसत नाहीत. चुकीचा घेतलेला माणूस रोज समोर बसतो, त्याची किंमत मॅनेजरला कळते. हुकलेला माणूस दुसरीकडे जाऊन काय करतो याची नोंद कुठल्याच तक्त्यात येत नाही. म्हणून गाळणी वर्षागणिक कडकच होत जाते. ती सैल करा म्हणून आतून कुणी ओरडत नाही. हॉवेल त्या अदृश्य पन्नासांपैकी एक होता, फक्त त्याला ट्विटरवर ऐकणारे होते. बाकीचे एकोणपन्नास गुपचूप घरी जातात आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून पुन्हा तयारीला लागतात.

कोण हुकतं हेही निव्वळ नशिबावर नसतं. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने मुलाखतकारासमोर, मोठ्याने बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला. दुसऱ्याने तोच प्रश्न खोलीत एकट्याने. बघणारं कुणी असलं की कामगिरी निम्म्याहून खाली आली. मुलींचं चित्र आणखी बोलकं होतं: एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्यांना जमलं, समोर बसवलेल्यांपैकी एकीलाही नाही. नमुना लहान आहे, त्यावर डोलारा उभारू नये. पण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात गाणं म्हणायला लावून मुलगी संसार कसा करेल हे ठरवणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या आहेत. चाचणी कशाची आणि निष्कर्ष कशाचा हा घोळ मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये.

पुढे काय झालं

हॉवेल त्याच वर्षी ॲपलमध्ये गेला. ३ डिसेंबर २०१५ रोजी ॲपलने स्विफ्ट भाषा ओपन सोर्स केली, तेव्हा तिच्यासोबत एक नवा पॅकेज मॅनेजर आला आणि त्यावर हॉवेलचं काम होतं. म्हणजे एका कंपनीला जे गुणपत्रिकेवर घेता आलं नाही, नेमक्या त्याच कामासाठी दुसरीने त्याला बसवलं. तिथे तो फार काळ राहिला नाही. पुढे त्याने ओपन सोर्स लिहिणाऱ्यांना टोकनच्या रूपात मोबदला देऊ पाहणारा 'टी' नावाचा प्रकल्प काढला, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या टोकनच्या आशेने लोकांनी भलत्याच प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा मारा केला. हे दाखवून 'गूगलचं बरोबरच होतं' म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नऊ वर्षांनंतरच्या फसलेल्या कल्पनेचा आणि फळ्यावरच्या झाडाचा काय संबंध? आणि संबंध लावायचाच, तर लोक कशाला भुलतात हे त्या फळ्यावर कुठे विचारलं होतं?

फेब्रुवारी २०१७ मध्ये रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बांधायच्या लोकप्रिय साधनाचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ट्विट केलं की आपल्याला फळ्यावर बबल सॉर्ट (यादी क्रमाने लावायची अगदी प्राथमिक रीत) लिहिता येणार नाही, कोड आपण नेहमी इंटरनेटवर शोधतो, आणि कोडी सोडवत नाही. पाठोपाठ कितीतरी नावाजलेल्या इंजिनिअरांनी आपापली 'पापं' जाहीर केली. करमणूक झाली, मुलाखती तशाच राहिल्या.

प्रश्नाचं मात्र भलतंच झालं. मुलाखतीच्या प्रश्नांचा सराव करायच्या लीटकोड या संकेतस्थळावर तो २२६ क्रमांकाने आला, 'ईझी' या शिक्क्यासह, आणि हॉवेलचं ट्विट बराच काळ त्या पानावरच छापलेलं होतं. आज हिंजवडी-खराडीत सर्व्हिस कंपनीत काम करून प्रॉडक्ट कंपनीत उडी मारायची तयारी करणारा कुणीही हा प्रश्न झोपेतून उठवला तरी सोडवेल. रात्री ऑफिसची शिफ्ट संपवून डीएसएची (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमच्या प्रश्नांची) यादी पुढे सरकवणाऱ्या या मुलामुलींच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण ज्याच्या घरी संध्याकाळी दोन तास निवांत मिळतात आणि जिच्या घरी स्वयंपाक, लेकरू आणि सासऱ्यांच्या औषधाची वेळ वाट बघत असते, त्या दोघांची लीटकोडची यादी सारख्याच वेगाने सरकत नाही. पाठ झालेल्या प्रश्नाने आता बुद्धीही मोजली जात नाही. मोकळा वेळ मोजला जातो. त्यात ऑनलाइन मुलाखतीत एआयकडून गुपचूप उत्तर मिळवणं इतकं सोपं झालं की २०२५ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाईंनी निदान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेणार असल्याचं सांगितलं. फळा परत येतोय.

झाड होतंच

ट्विटवर हसणाऱ्यांचा एक ठरलेला मुद्दा असतो: रोजच्या कामात झाडं कोण उलटी करतं? हॉवेलच्या बाबतीत हा मुद्दा सपशेल चुकीचा आहे. पॅकेज मॅनेजर म्हणजे मुळापासून ग्राफचं, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या गोष्टींच्या जाळ्याचं काम; झाड हा त्याचाच एक प्रकार. प्रत्येक फॉर्म्युलात 'याला अमुक लागतं' असं लिहिलेलं असतं. बसवताना खालच्या पायरीपासून वर यावं लागतं. दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून राहिली तर चक्र ओळखावं लागतं. ज्या भागात होमब्र्यू कच्चं होतं असं हॉवेल स्वतः सांगतो, तो भाग हाच. कॉम्प्युटर सायन्सची शंका योग्य जागी होती, फक्त ती विचारायला खोलीत एक निनावी झाड आणलं गेलं आणि त्याच्याच कोडमधलं झाड बाहेर राहिलं.

मी त्या पॅनलवर असतो तर फळ्याकडे न वळता लॅपटॉप उघडून होमब्र्यूचंच भांडार पुढे ठेवलं असतं. वापरणाऱ्याने वीगेट (इंटरनेटवरून फाइली उतरवणारं अवजार) बसवलं, त्याच्यासोबत त्याला लागणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी आलं. महिन्याने त्याने वीगेट काढून टाकलं. ओपनएसएसएल तिथेच पडून आहे. ते काढायचं की ठेवायचं, हे तुझ्या प्रोग्रामने कसं ठरवावं? हा बनावट प्रश्न नाही. अनाथ झालेली पॅकेजेस आपोआप हटवणारी कमांड होमब्र्यूमध्ये २०२० च्या सुमारास आली, म्हणजे जन्मानंतर दहा-अकरा वर्षांनी. उत्तरासाठी आधी हे कळावं लागतं की कोणतं पॅकेज माणसाने मागून घेतलं आणि कोणतं केवळ दुसऱ्यासाठी आलं, आणि ही नोंद बसवतानाच करून ठेवायला हवी होती. मग मागितलेल्या पॅकेजेसपासून निघून ग्राफमध्ये कुठवर पोहोचता येतं ते बघायचं; जे हाती लागत नाही ते अनाथ. इथवर कॉम्प्युटर सायन्स. पुढे, ते न विचारता हटवायचं का? माणसाने मध्यंतरी ओपनएसएसएल स्वतःच्या कामासाठी वापरायला सुरुवात केली असेल तर? आधी यादी दाखवायची, की थेट काढून मोकळं व्हायचं?

पहिल्या निम्म्यात हॉवेल कदाचित अडखळला असता आणि त्याचा गुण प्रामाणिकपणे कमी पडला असता. दुसऱ्या निम्म्यात त्याचं काय झालं असतं याचा अंदाज करायला होमब्र्यू वापरलेल्या कुणालाही फार वेळ लागू नये. तो भाग कागदावर उतरला असता, कमिटीपुढे गेला असता, आणि दोन्ही अर्धे समोर ठेवून त्यांनी नकारच दिला असता, तरी तो नकार त्याच्या कामाचा असता.